उन्हाळी वाचनवर्गाचा उपयोग झाला का? एप्रिलमध्ये काय करून ठेवायचं आणि जूनमध्ये काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या एका गावचं सार्वजनिक वाचनालय मे महिन्यात दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी पाच आठवड्यांचा वाचनवर्ग घेतं. गेल्या वर्षी ६४ मुलांनी नावं घातली आणि वहीत ११०० पुस्तकं वाचल्याची नोंद झाली. खर्चाला हातभार लावणाऱ्यांनी विचारलं, "मग पोरं आता बरी वाचतात का?" तेव्हा कुणालाच काही सांगता आलं नाही. यंदा नेमकं काय मोजावं?

आधी त्या ११०० बद्दल. ६४ने भागलं तर डोई १७ पुस्तकं होतात आणि हा आकडा फलकावर छान दिसतो. पण तीच वही मुलानुसार लावून बघा. बहुधा पाच-सात मुलांनी चाळीस-चाळीस पुस्तकं नेलेली असतील आणि विसेक मुलांच्या नावापुढे दोन-तीनच असतील. त्यात सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवलं असेल तर आकडा पूर्णच बिघडतो. आठ पानांची पुस्तकं आधी संपतात, चौथीचं पोरगं पहिलीची चित्रपुस्तकं उचलतं आणि पानं उलटून दुसऱ्या दिवशी परत आणतं. बक्षीस द्यायचंच असेल तर शेवटच्या दिवशी प्रत्येकाला आवडीचं एक पुस्तक घरी ठेवायला द्या. संख्येवर बक्षीस ठेवू नका.

मोजायच्या गोष्टी तीन: वर्गाला कोण आलं, त्यांनी काय वाचलं आणि वाचन सुधारलं का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पक्की मिळतात, तिसऱ्याचं अंदाजानेच. बरेचसे अहवाल मात्र तिसऱ्याचं उत्तर छातीठोक देतात आणि पहिल्या दोनांना एका ओळीत गुंडाळतात.

तिसऱ्या प्रश्नाची तयारी सगळ्यात आधी करावी लागते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एप्रिलचं माप हातात नसेल तर जूनमध्ये घेतलेल्या चाचणीतून काहीच कळत नाही. माप घ्यायची योग्य वेळ म्हणजे एप्रिलचा शेवटचा आठवडा. निकालाच्या दिवशी मुलं हाताला लागत नाहीत. त्या दिवसांत शाळा सकाळची असते, मुलं ताजी असतात. जूनमध्ये शाळा पूर्ण वेळ भरू लागते, तेव्हा दुसरी चाचणीही सकाळीच घ्या. एप्रिलमध्ये सकाळी आठला आणि जूनमध्ये दुपारी जेवून सुस्तावल्यावर वाचायला लावलं तर फरक वर्गाचा की झोपेचा, हे सांगता येणार नाही. शाळा १५ जूनच्या आसपास उघडली की पहिले दोन-तीन दिवस प्रवेशोत्सव, गणवेश आणि पुस्तकवाटपात जातात. ते सोडा आणि त्यानंतरच्या आठवड्यात चाचणी घ्या.

साधनं दोन लागतात. पहिलं 'असर'चं, म्हणजे 'प्रथम' संस्थेच्या शिक्षण-पाहणीचं, वाचन-साधन. २००५ पासून ते वापरात आहे, मराठीत उपलब्ध आहे आणि त्यात अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या आहेत. कोणतं मूल कोणत्या पायरीवर आहे हे त्यातून चार मिनिटांत कळतं, त्यामुळे गट पाडायला ते उत्तम. पण प्रगती मोजायला ते एकटं पुरत नाही, कारण त्याचं छत दुसरीच्या गोष्टीवरच संपतं. चौथीतलं जे मूल एप्रिलमध्येच गोष्ट वाचतं ते जूनमध्येही 'गोष्ट' याच पायरीवर दिसणार, मग मधल्या काळात त्याने कितीही वाचलेलं असो.

म्हणून दुसरं साधन: एका मिनिटाचं प्रकट वाचन. न वाचलेला उतारा मुलापुढे ठेवायचा आणि मिनिटभरात किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचं. उतारा पाठ्यपुस्तकातला घेऊ नका, तो निम्म्या मुलांना पाठ असतो. दुसरीसाठी ८० शब्दांचा आणि चौथीसाठी १५० शब्दांचा उतारा पुरतो. प्रत्येक इयत्तेला दोन उतारे लागतात, अ आणि ब, आणि दोन्ही सारखेच अवघड हवेत. नुसते शब्द मोजून दोन उतारे सारखे आहेत असं धरू नका. मराठीत 'घर' हा एक शब्द आणि 'विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा' हाही एकच. म्हणून दोन्ही उताऱ्यांतली एकूण अक्षरं मोजा आणि जोडाक्षरं व रफार असलेले शब्द मोजा. हे आकडे जवळपास सारखे झाले पाहिजेत. मग वर्गात न येणाऱ्या दहा मुलांकडून दोन्ही उतारे वाचून घ्या. सरासरीत पाच शब्दांहून जास्त अंतर पडलं तर उतारा दुरुस्त करा.

एवढं करूनही थोडा फरक राहतोच. तो घालवायला निम्म्या मुलांना एप्रिलमध्ये अ आणि जूनमध्ये ब द्या, उरलेल्यांना उलट. या युक्तीला खर्च काही नाही, तरी ती हमखास विसरली जाते. मग जूनचा सोपा उतारा वर्गाचं यश म्हणून अहवालात बसतो.

आता प्रत्यक्ष गुणदान. सर्वात जास्त घोळ इथे होतो, म्हणून एक नमुना घेऊ. छापील वाक्यं अशी:

"आजीने अंगणात हळद वाळत घातली होती. तेवढ्यात वळवाचा पाऊस आला."

मूल वाचतं: "आजीनं अंगनात हळद वाळत... वाळत घातली व्हती. तेवढ्यात वळणाचा पाऊस आला."

शब्द दहा. 'आजीनं', 'अंगनात', 'व्हती' या तिन्ही चुका नाहीत. मुलाने छापलेला शब्द ओळखला, अर्थ धरला आणि घरच्या उच्चारात म्हटला. 'वाळत' दोनदा वाचलं ही पुनरावृत्ती, तीही चूक नाही, तिच्यात गेलेला वेळ आपोआप मोजला जातोच. 'वळवाचा'चं 'वळणाचा' केलं ही मात्र चूक, कारण शब्द बदलला आणि अर्थ गेला. म्हणजे दहापैकी नऊ बरोबर. एवढं वाचायला १२ सेकंद लागली असतील तर वेग मिनिटाला ४५ शब्द.

बाकीचे नियम असे. मूल एका शब्दावर तीन सेकंद अडलं तर शब्द सांगायचा आणि तो चूक धरायचा. वगळलेला शब्द चूक. चुकून स्वतःहून सुधारला तर बरोबर. साठाव्या सेकंदाला जिथे पोचलं तिथे तिरकी रेघ मारायची, पण वाक्य पूर्ण करू द्यायचं, मध्येच तोडायचं नाही. मिनिटाच्या आत उतारा संपला तर लागलेले सेकंद लिहून ठेवायचे. पहिल्या दहा शब्दांतला एकही जमला नाही तर तिथेच थांबून हसतमुखाने सुट्या शब्दांच्या यादीकडे वळायचं. हे नियम एका कागदावर छापून प्रत्येक मोजणाऱ्याच्या हातात द्या. त्याआधी सगळ्यांना एकाच मुलाच्या वाचनाचं ध्वनिमुद्रण ऐकवून गुण द्यायला लावा. दोघांच्या गुणांत तीन शब्दांहून जास्त फरक पडला तर बोलून मिटवा आणि पुन्हा करा. पुण्याहून सुट्टीला आलेली कॉलेजची मुलं मदतीला असतील तर 'न-ण'चा मुद्दा त्यांना दोनदा समजावून सांगावा लागतो. ती 'पानी' ऐकलं की लगेच चूक मारतात.

वाचून झाल्यावर चार प्रश्न. दोन थेट उताऱ्यातले, एक अंदाज बांधायला लावणारा (पाऊस आल्यावर आजीने काय केलं असेल, का?) आणि एक 'तुझ्या शब्दांत सांग' असा. हो-नाहीवर भागणारा प्रश्न नको. वेग वाढला आणि उत्तरं घसरली असं दिसलं तर समजा, मूल शर्यत लावतंय. सुरुवातीला "भरभर वाच" असं म्हटलं की हे हमखास होतं. "नीट, नेहमीसारखं वाच, मग मी गोष्टीबद्दल विचारणार आहे," एवढंच सांगायचं.

एका मुलाला पाच-सहा मिनिटं लागतात. दोन मोजणारे असतील तर ६० मुलं एका लांबलेल्या सकाळी, नाहीतर दोन सकाळी होतात. वर्ग घेणाऱ्या ताईंनी स्वतःच्या मुलांना मोजू नये. कुणावर अविश्वास म्हणून नव्हे. ओळखीच्या मुलाला आपण नकळत ओठ हलवून शब्द सांगतो.

संदर्भासाठी: केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा आहे. मूल कुठे उभं आहे हे सांगायला हा आकडा ठीक. 'पाच आठवड्यांत सगळ्यांना ६०वर नेऊ' असं उद्दिष्ट मात्र लिहू नका. इंग्रजी वाचनाचे तक्ते इंटरनेटवर भरपूर मिळतात, तेही मराठीला लावू नका.

यापुढचा भाग कंटाळवाणा, पण सगळं त्यावर उभं आहे: तुलना कुणाशी? समजा, तुमची तिसरीची मुलं सरासरी ४१वरून ४६वर गेली. पाच शब्दांची वाढ. पण वर्गाला न आलेली तिसरीची मुलं त्याच काळात ४२वरून ४३वर गेली असतील तर वर्गाच्या खात्यावर चारच शब्द जमा होतात. उलट तुमची मुलं ४१वर जागच्या जागी राहिली आणि न आलेली ४२वरून ३७वर घसरली असतील, तर 'काही वाढ झाली नाही' हा निष्कर्ष साफ चुकीचा ठरतो. सुट्टीत वाचन गंजतं. ते गंजू न देणं हीच उन्हाळी वर्गाची अर्धी कमाई. तुलनेचा गट नसेल तर ती दिसतच नाही.

हा गट मिळवायची सगळ्यात चांगली रीत म्हणजे चिठ्ठ्या. जागा ४० आणि नावं ६५ आली, तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही तीच तुमची तुलनेची मुलं, कारण त्यांच्याही घरच्यांना मूल वाचावं असं वाटत होतं. त्यांना जूनच्या चाचणीनंतर किंवा दिवाळीच्या सुट्टीत पुस्तकं द्यायचं कबूल करा आणि द्याही. जागा पुरत असतील आणि कुणाला परत पाठवायचं नसेल, तर शेजारच्या वाडीवरच्या शाळेतली त्याच इयत्तेची आणि एप्रिलमध्ये त्याच पायरीवर असलेली मुलं घ्या. सगळ्यात कच्चा मार्ग म्हणजे गावातली जी मुलं आपणहून आली नाहीत त्यांच्याशी तुलना. त्यांच्या आणि तुमच्या मुलांच्या घरात आधीच फरक असतो. तो फरक वर्गाचं यश म्हणून मोजला जातो.

इथेच आणखी एक खड्डा आहे. एप्रिलमध्ये सगळ्यात कमी गुण पडलेली पंधरा मुलं निवडून फक्त त्यांच्यासाठी वर्ग घेतला, तर जूनमध्ये ती वर चढलेली दिसणारच, वर्ग घेतला नसता तरीही. त्या पंधरांत काही खरोखर कच्ची असतात, तर काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो: ताप होता, लाजली, रात्री यात्रेत तमाशा बघत जागी होती. पुढच्या वेळी ती आपोआप मूळ पातळीवर येतात. असा वर्ग घ्यायचा असेल तर एप्रिलमध्ये दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि सरासरी धरा. तसंही एकाच मुलाच्या दोन दिवसांच्या वाचनात पाच-सात शब्दांचा चढउतार सहज पडतो. त्यामुळे एकट्या मुलाची तीन शब्दांची प्रगती पालकांना कौतुकाने सांगू नका, आणि तीन शब्दांची घसरण तर मुळीच नको.

आता कोण आलं. हजेरी रोजची, आणि नाव घातलेल्या सगळ्यांची. आठवड्याला पाच दिवस धरले तर पाच आठवड्यांचे २५ दिवस. १८ किंवा जास्त दिवस आलेली, ९ ते १७ दिवस आलेली आणि त्याहून कमी आलेली असे तीन गट पाडा. गळालेल्यांना हिशेबातून काढू नका, मापात पाप होतं ते इथेच. ६४पैकी ४१ टिकली आणि फक्त त्या ४१ची प्रगती दाखवली, तर तुम्ही वर्गाचा परिणाम न दाखवता चिकाटीच्या पोरांचा परिणाम दाखवलात. जूनमध्ये २३ गळालेल्यांनाही शोधून मोजा. ती त्याच शाळेत बसलेली असतात, अवघड काही नाही.

गळण्याची कारणं लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षीचं वेळापत्रक त्यातूनच सुधारतं. आपल्याकडे ती ठरलेली आहेत: मामाचा गाव, लग्नसराई, गावची यात्रा, आणि दुपारचा वर्ग असेल तर ऊन व वळीव. सकाळी आठ ते दहा ही वेळ बरी. पंधरा दिवस मामाकडे जाणाऱ्या मुलाला पिशवीत चार पुस्तकं बांधून दिली तर ते 'गैरहजर' असूनही वाचतं. त्याची वेगळी नोंद ठेवा. खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्या (परराज्यांत सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्या) कुटुंबांची मुलं मेमध्ये आजोळी येतात. त्यातली काही तमिळनाडूत किंवा केरळात शिकतात. ती मराठी फर्डं बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. त्यांना वर्गात जरूर घ्या, 'किती मुलांपर्यंत पोचलो' यात मोजा, पण प्रगतीच्या सरासरीत धरू नका. त्यांचं एप्रिलचं मापही नसतं आणि जूनमध्ये ती गावातही नसतात. जतच्या कन्नड माध्यमाच्या शाळांतल्या मुलांचाही हिशेब असाच वेगळा ठेवा.

सहलीचा दिवस हजेरीत धरू नका. पाचगणी-महाबळेश्वरजवळच्या, स्ट्रॉबेरीच्या भिलारला ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव उभं आहे, सांगली-साताऱ्याकडून एका दिवसात जाऊन येता येतं आणि मुलांना तिथे न्यावंच. पण त्या दिवशी जीप भरते म्हणून वर्ग यशस्वी होत नाही. जीप स्ट्रॉबेरीनेही भरते.

काय वाचलं, यासाठी देवघेवीची वही हेच सगळ्यात खरं साधन. पालकांच्या सहीचा वाचन-तक्ता देऊ नका. तो शेवटच्या संध्याकाळी एकाच पेनाने भरून येतो. वहीत रकाने मोजकेच: तारीख, मुलाचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक, पातळी, परत आल्याची तारीख आणि एक खूण. पुस्तक परत घेताना "वाचलंस का?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. "तुला हसू आलं ते पान दाखव," म्हणा. झटकन उघडून दाखवलं तर पूर्ण ठिपका, शोधत बसलं तर अर्धा, "नाही आवडलं, सोडलं" म्हणालं तर रिकामा गोल. रिकाम्या गोलाला रागवायचं नाही. नावडतं पुस्तक सोडून देणारं मूल वाचक व्हायच्या वाटेवर आहे.

पाच आठवड्यांनी ही वही पुस्तकानुसार लावा. १५० पुस्तकं आणि ३०० वेळा देवघेव म्हणजे प्रत्येक पुस्तक सरासरी दोनदा फिरलं, असं वाटतं. प्रत्यक्षात ६० पुस्तकं कपाटातून हललेलीच नसतात. ती टेबलावर मांडून बघा: बारीक टाइप, काळीपांढरी चित्रं, शेवटी बोधवाक्य, किंवा चौथीच्या मुलासाठी चाळीस पानं. पुढची खरेदी त्यावरून ठरवा. पातळी लावायला स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळाची विभागणी सोयीची आहे: पहिली पातळी साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६००पर्यंत, तिसरी १५००पर्यंत, चौथी त्यापुढे. मूल मेच्या पहिल्या आठवड्यात कोणती पातळी नेत होतं आणि शेवटच्या आठवड्यात कोणती, हे वहीतूनच दिसतं. कुठलीही चाचणी न घेता मिळणारी ही माहिती आहे आणि ती बऱ्याचदा मिनिटाच्या चाचणीहून जास्त बोलकी असते.

आवड मोजायला हसरे-रडके चेहरे छापलेला कागद देऊ नका, सगळी मुलं हसऱ्यावर खूण करतात. त्याऐवजी पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात एकदा १५ मिनिटं मोकळी सोडा. एका बाजूला पुस्तकं, एका बाजूला कॅरम, एका बाजूला कागद-रंग. कोण कुठे बसलं ते कोपऱ्यातून टिपा. घरच्यांना पाचच प्रश्न विचारा, तेही तोंडी, आणि 'साधारणपणे' हा शब्द टाळून: "काल घरी काही वाचलं का? काय? कुणाला वाचून दाखवलं?" आई शेतावर गेलेली असेल तर आजीला विचारा. बऱ्याच घरांत ऐकणारी तीच असते.

अपेक्षा किती ठेवायची? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात गरीब घरच्या मुलांना सलग तीन उन्हाळे, दर वेळी त्यांनी स्वतः निवडलेली १२ पुस्तकं दिली गेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फायदा दिसला, पण लहानसा, आणि तोही तीन वर्षांनंतर. तुमचे आठवडे पाच आहेत आणि मुलं साठ. एवढ्याशा गटात वर्गामुळेच फरक पडला असं सिद्ध होत नाही. तेव्हा अहवालात "वाचनवर्गामुळे प्रगती झाली" असं लिहू नका. "नियमित आलेल्या, कमी आलेल्या आणि चिठ्ठी न निघालेल्या मुलांचे आकडे असे आहेत," असं लिहा आणि तिन्ही आकडे शेजारी ठेवा. सरासरीबरोबर किती मुलं वर गेली, किती तिथेच राहिली, किती खाली आली हेही द्या. एखादं मूल तीस शब्दांनी उडी मारतं आणि सरासरी उगाच फुगते.

खर्चही टिकलेल्या मुलांवर काढा. समजा १८,००० रुपये खर्च आला. ६४ने भागलं तर डोई २८१, टिकलेल्या ४१ने भागलं तर ४३९. देणगीदाराला दोन्ही आकडे सांगा. त्याला दुसरा नंतर स्वतः काढावा लागला तर पुढच्या वर्षी तो दार उघडणार नाही.

अहवाल दोन पानांचा पुरे. त्यात मुलांची नावं नकोत, क्रमांक हवेत. ग्रामसभेत वाचून दाखवायचा असेल तर हे जास्तच सांभाळा, कारण दुसरीतल्या मुलाला 'अक्षर पातळी' हे नाव गावात चिकटलं की चौथीपर्यंत सुटत नाही. मोजणीआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि पालकांना काय करणार ते सांगा. क्रमांक आणि नावं जोडणारी यादी एकाच व्यक्तीकडे ठेवा.

आणि अ-ब उतारे चाचणी संपली की मोजून परत घ्या, झेरॉक्सच्या दुकानातली वाया गेलेली प्रतसुद्धा. एकही कागद गावात राहिला तर पुढच्या एप्रिलपर्यंत शिकवणीत तो पाठ करून घेतलेला असतो.